शेडमागची बिजाई

कोणी विचारलं की बाई तुम्ही नोकरीत काय केलं, तर मी म्हणते, खोटे आकडे सुबक टाइप केले. लोक हसतात. त्यांना वाटतं बाई विनोदी आहे. विनोद कसला डोंबलाचा! खरंच तेच केलं, आणि एकदाच खरा आकडा तोंडातून काढला, तोही नको तिथे.

लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा नवरा स्टील प्लांटमध्ये क्लार्क होता आणि आम्ही सेक्टरातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझी टायपिंगची परीक्षा झालेली होती, घरात बसून मला करमत नव्हतं, म्हणून औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा खाजगी फाउंड्रीत लागले. तिथे मालगाडीचे ब्रेक-ब्लॉक ओतायचे. चाकाला घासून गाडी थांबवतो ना, तो लोखंडी तुकडा. तो झिजतो, बदलावा लागतो, त्यामुळे त्याची मागणी कधी संपत नाही. माझं टेबल प्लॅनिंगचं. सेल्सवाले किती माल मागतात आणि ओतकामाची शेड किती देऊ शकते, हे दोन्ही विचारायचं आणि महिन्याचा प्लॅन टाइप करून सगळ्यांना वाटायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण सेल्सच्या साहेबांना आठशे हवे असले की ते हजार मागायचे, कारण शेड कापणार हे त्यांना माहीत. शेडला नऊशे जमत असले की फोरमन सहाशे सांगायचा, कारण सेल्स चढवणार हे त्याला माहीत. पोटात एक आकडा, ओठात दुसरा. मी दोघांच्या मधलं काहीतरी टाइप करायचे, आणि तो प्लॅन खोटा आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक असायचं. महिना संपला की सेल्सचे साहेब शेडच्या नावाने बोंबलायचे, फोरमन सेल्सच्या नावाने, आणि दोघं मिळून माझ्या नावाने. चालू होतं.

हा फोरमन भंडाऱ्याकडचा, धानाच्या घरचा. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "बाई, तुमी कोनत्या गावच्या?" मी माझ्या आईच्या माहेरचं नाव सांगितलं. त्याचं गाव तिथून दोन कोसांवर. "बाप्पा!" तो म्हणाला, "मंग तं तू माही बहीणच झाली ना!" त्या मिनिटापासून 'तुमी'चं 'तू' झालं. प्लॅनसाठी सहाशेच सांगायचा, पण खरा आकडा मला हळूच कानात सांगायचा. दर भाऊबीजेला इस्त्रीचा शर्ट घालून हुडको वसाहतीतून सायकलने यायचा, पाटावर बसायचा, मी ओवाळायचे, भाऊ म्हणायचे. त्याला एकच मुलगी. मला आतेबाई म्हणायची. रविवारी गणित शिकायला माझ्याकडे यायची, आणि गणित सोडून बाकी सगळं बोलायची. "आतेबाई, माह्या लग्नात पयली हळद तूच लावजो," असं तिने दहावीत असताना सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, आधी हे वर्गमूळ काढ.

मग नवे मॅनेजर आले. बाहेरून शिकून आलेले, चाळिशीच्या आतले, आवाज न चढवणारे. त्यांनी दोन महिने नुसतं पाहिलं आणि एका सोमवारी सेल्स, शेड, खरेदी, सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं. म्हणाले, आजपासून महिन्याचा प्लॅन इथे बनेल, कोणाच्या खोलीत नाही. प्रत्येकाने आपला आकडा सगळ्यांसमोर सांगायचा आणि का, तेही सांगायचं. "सच बोलने की सज़ा किसी को नहीं मिलेगी." असं त्यांचं वाक्य होतं, आणि आजही मी छातीवर हात ठेवून सांगते, माणूस मनापासून बोलत होता.

पहिल्या दोन-तीन सोमवारी कोणी तोंड उघडेना. फोरमन तर टेबलाच्या टोकाशी टोपी मांडीवर घेऊन बसायचा, आणि तिथे मला 'मॅडम' म्हणायचा. मॅनेजर मला बाजूला बोलावून म्हणाले, "आपकी बात सब मानते हैं. शेड को आप ही खोल सकती हैं." घ्या! एवढं पुरलं मला. आठ वर्षं लोकांनी माझ्या नावाने बोटं मोडली होती, आणि आता साहेब म्हणतात तुमच्यावाचून हलत नाही. मी फुगले. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मी चढते, हे माझ्या सासूने लग्नातच ओळखलं होतं.

मी भाऊच्या मागे लागले. शेडमध्ये जायचे, त्याच्याजवळ उभी राहायचे, म्हणायचे, "भाऊ, खरं सांगा ना तिथं. साहेब चांगले हायेत." तो म्हणायचा, "साहेब चांगलेच असतेत बाई, पयल्या वर्षी." पण हळूहळू त्याने सांगायला सुरुवात केली. धानाच्या लावणीच्या दिवसांत त्याचे साचे भरणारे निम्मे मोल्डर गावी जातात, हे इतकी वर्षं तो 'मशीन खराब' म्हणून दडवायचा. ते त्याने टेबलावर सांगितलं. मॅनेजर रागावले नाहीत, त्या महिन्याचा प्लॅनच कमी केला. तेव्हा सेल्सचे साहेबही घसा खाकरून म्हणाले की रेल्वेची एक ऑर्डर पक्की नाही, मी उगाच मोजली होती. मी ते लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. वाटलं, जमतंय की! त्या महिन्यात पहिल्यांदा कोणी कोणावर ओरडलं नाही. सेल्सचे साहेब आपल्या पायांनी शेडमध्ये गेले आणि भाऊने त्यांना चहा पाजला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ मला म्हणाला, "चाल बाई, तुले एक दाखवतो." शेडच्या मागे वापरलेल्या वाळूचा ढीग होता. त्याच्या मागे, भिंतीला लागून, बारदान्याची पोती टाकलेली. त्याने एक पोतं उचललं. खाली ब्रेक-ब्लॉक. एकावर एक नीट रचलेले, तासलेले, तपासलेले, पक्का माल. तीनशेच्या वर असतील. कुठल्याही कागदावर नव्हते. मीच कागद करायचे, मला ठाऊक होतं.

"हे काय हो भाऊ?"

"बिजाई हाये," तो म्हणाला. पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढून ठेवतात ते धान म्हणजे बिजाई. "घरात उपास पडला तरी बिजाईले हात लावत नाही आमी. ही भट्टी म्हातारी झाली बाई. तिचा ब्लोअर कवा बसंल सांगता येत नाही. ज्या दिवशी बसंल त्या दिवशी हे काढीन, अन् माल थांबनार नाही. महिन्याले आठ-दहा बाजूले काढून राहिलो, तीन वर्ष झाले."

मी म्हटलं, हे टेबलावर सांगायला पाहिजे. तो म्हणाला, "सांगीन. मीच सांगीन. दिवाळी होऊ दे, थोडा भरवसा बसू दे. आज सांगितलं तं उद्या ट्रकमंदी भरतीन. तू नको काढजो गोठ." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. कोणी मागितली नव्हती, माझी मीच घेतली. हौस!

आणि दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी मालक स्वतः मीटिंगला आले. ते कलकत्त्याला असायचे, वर्षातून दोनदा यायचे. मॅनेजरांना आपलं हे नवं टेबल त्यांना दाखवायचं होतं. सेल्सच्या साहेबांनी एका पार्टीची तातडीची मागणी मांडली: अडीचशे ब्लॉक, आठ दिवसांत. मिळाले तर त्या पार्टीचं वर्षभराचं काम आपलं. मॅनेजरांनी भाऊकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, आठ दिवसांत एवढे जादा नाही निघत. खरंच निघत नव्हते. मालकांनी ओठ मुरडले आणि मॅनेजरांना म्हणाले, "तो फिर इस मीटिंग का फायदा क्या हुआ?"

मॅनेजरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे सहज पाहिलं असेल, पण मला वाटलं, आपली वेळ आली. मालकांसमोर, सेल्ससमोर, ज्या प्रश्नाचं उत्तर कोणाजवळ नाही ते माझ्याजवळ आहे. मी म्हणाले, "सर, माल है. शेड के पीछे. तीन सौ से ऊपर."

मालक आधी माझ्याकडे, मग भाऊकडे वळले आणि मोठ्याने हसले. "वाह! मतलब चोरी पकड़ी गई."

भाऊ उभा राहिला. मांडीवरची टोपी खाली पडली, ती त्याने उचलली नाही. म्हणाला, "चोरी नहीं है साहब. बिजाई है."

मालकांना काही कळलं नाही. सेल्सच्या साहेबांना हसू आलं. मॅनेजरांनी मात्र माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे विचारलं, "क्या कह रहे हैं ये?"

त्या खोलीत बिजाई म्हणजे काय हे दोघांनाच माहीत होतं. एक तो, दुसरी मी. त्याची हिंदी तोडकी होती, माझी चांगली. दोन वाक्यं बोलायची होती फक्त. भट्टी जुनी आहे, ती बंद पडली तर हा माल कामी येईल, म्हणून यांनी तो राखला आहे. एवढंच. पण मालक माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, आणि चोराची बाजू घेतली तर ते कौतुक जाईल असं माझ्या मनात आलं. हो, आलं. मी त्याला मनात चोर म्हटलं. मी म्हणाले, "कुछ नहीं सर. कह रहे हैं माल अच्छा है."

भाऊने माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात तारीख टाकत होते. ती आधीच टाकलेली होती, मी तिच्यावरूनच पुन्हा पेन फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. पोती उचलली गेली, होते तेवढे सगळे ब्लॉक भरले गेले, पार्टी खूश झाली. मालकांनी जाताना सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. भाऊला कोणी काही केलं नाही, कारण सच बोलने की सज़ा नव्हती ना! फक्त शेडमधली माणसं त्याला 'बिजाईवाले' म्हणायला लागली आणि तो मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलेनासा झाला.

त्या भाऊबीजेला तो आला. मी सकाळपासून दाराकडे पाहत होते, येतो की नाही. आला. तोच इस्त्रीचा शर्ट. पाटावर बसला, मी कुंकू लावलं, ओवाळलं, त्याने ताटात ब्लाउजपीस ठेवला. अनारसे खाल्ले. प्लांटच्या बोनसवर माझ्या नवऱ्याशी बोलला. मला वाटलं, झालं, विसरला. माफी मागायची राहिली तरी चालेल. माणूस किती लवकर स्वतःला सोडवून घेतो!

मे महिन्यात ब्लोअर जळला. भट्टीत वारा घालणारा तो पंखा, तो जळला म्हणजे लोखंड वितळत नाही. मोटर बाहेरून यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत शेडमध्ये एक ब्लॉक ओतला गेला नाही आणि मागे भिंतीजवळ उंदीरसुद्धा नव्हता. ज्या पार्टीला आम्ही दसऱ्यात खूश केलं होतं ती वर्षाचं काम रायपूरच्या दुसऱ्याकडे घेऊन गेली. मालकांचा फोन आला. कोणाला तरी धरायचं होतं, आणि आधी एकदा 'पकडलेला' माणूस तयारच होता. मशीनची देखभाल याची, लपवाछपवी करणारा हा, वेळीच सांगितलं नसेल यानेच. ब्लोअर जुना झाला हे त्याने दोनदा लिहून दिलं होतं. ते कागद माझ्याच फाइलीत होते. मॅनेजरांनी मला विचारलं, काही लेखी आहे का? मी म्हणाले, शोधते. आणि शोधले नाहीत. का, तर शोधले असते तर पुढे कोणीतरी विचारलं असतं की बाई, त्या दिवशी मालकांसमोर मग तुम्ही गप्प का बसल्या?

त्याला शेडमधून काढून गेटजवळच्या वजनकाट्यावर बसवलं. ओतीव लोखंडाचा रंग पाहून ते किती तापलंय हे सांगणारा माणूस, तो आता भंगाराच्या गाड्यांचं वजन लिहायचा. मी रोज त्या गेटातून आत जायचे. "काय भाऊ," मी म्हणायचे. "नमस्ते मॅडम," तो म्हणायचा. त्या वर्षी भाऊबीजेला मी ताट तयार करून ठेवलं. रांगोळी काढली. दुपार झाली, मग नवरा म्हणाला, जेवून घे आता.

आणि आमचं टेबल? आमचं टेबल जोरात होतं! नवा फोरमन चुणचुणीत होता. आकडा सांगायचा आणि महिन्याला बरोब्बर तेवढाच माल द्यायचा. सेल्सचाही आकडा जुळायचा. मी भिंतीवर तक्ता लावला होता, प्लॅनची निळी रेघ आणि प्रत्यक्षाची लाल, दोन्ही एकमेकींना चिकटून. पाहुणे आले की मॅनेजर त्यांना तो दाखवायचे. पण मला दिसत होतं ना. नवा फोरमन आपला जादा माल वाळूमागे ठेवत नव्हता, अर्धवट तासलेला म्हणून कागदावरच दडवत होता. सेल्सचे साहेबही पूर्वीसारखंच पोटात ठेवत होते, फक्त आता हसत हसत. भाऊचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पूर्वी आम्ही भांडून खोटं बोलायचो, आता गोडीगुलाबीने बोलायला लागलो. मला बढती मिळाली.

दोन वर्षांनी मॅनेजर नोकरी सोडून चालले होते. कपाट आवरताना त्यांनी मला बोलावलं, आणि बोलता बोलता विचारलं, "उस दिन उन्होंने असल में क्या कहा था?" इतक्या दिवसांनी! त्यांच्या मनात ते राहून गेलं होतं तर. मी सांगितलं, सगळं, शपथेसकट. मग त्यांनी एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवायच्या मालावर अख्खा धडा होता, आकृत्यांसह. "इसको सेफ्टी स्टॉक बोलते हैं," ते म्हणाले. "मैं खुद रखवाता. बस आप बता देतीं." ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच रविवारी मी हुडकोत भाऊच्या घरी गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. चुकलं भाऊ, मी खोटी निघाले, मले माफ करा. दार मुलीने उघडलं. केवढी मोठी झाली होती! "आतेबाई!" म्हणाली, आणि लगेच मागे वळून बापाकडे पाहिलं.

भाऊ दिवाणावर बसला होता. मी आत पाऊल टाकलं तसा त्याने शेजारचा टॉवेल ओढून बाजूच्या कशावर तरी टाकला. "या मॅडम, बसा." वहिनी चहा ठेवायला आत गेली. मी बसले. टॉवेल नीट बसला नव्हता. खाली लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, एकावर एक नीट रचलेला, आणि वरच्या पत्रिकेचा हळदकुंकू लावलेला कोपरा बाहेर आला होता.

तोंडातून भलतंच निघालं. "पोरीचं काही पाहून राहिले का भाऊ?"

"पाहून राहिलो," तो म्हणाला. "अजून कोठं काही नाही."

मुलगी पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. इतकी वर्षं सेल्सच्या साहेबांना सहाशे सांगताना जसा असायचा तसाच. मला तो चेहरा चांगला ओळखीचा होता, फक्त माझ्याकडे तो कधी वळला नव्हता. शेडचा खरा आकडा तो साऱ्या फाउंड्रीत एका मलाच सांगायचा.

मी चहा प्यायले. कप खाली ठेवला. माफी मागितली नाही. मागितली असती तर त्या टॉवेलबद्दल दोघांनाही बोलावं लागलं असतं. म्हणाले, "ठरलं की मले सांगजा भाऊ."

"नाही तं काय," तो म्हणाला. "आतेले सांगितल्याशिवाय लग्न होते का?"

मी मान हलवली, सोमवारच्या मीटिंगमध्ये हलवायचे तशी, आणि उठले.

लग्न पंधरा दिवसांनी झालं. मी गेले नाही. मला कुठे माहीत होतं!